काचेतला हैबती

“श्वास कमी घे,” गंगाधर फोटोग्राफर काचेच्या पेटीत डोकं घालून म्हणाला.

पुतळ्यानं मान डोलावली.

“मानही डोलवायची नाही.”

पुतळा म्हणजे कुडपणचा हैबती. सकाळपर्यंत तो शेतकरी होता. खरा पुतळा पेणहून पेंढ्यात गुंडाळून महाडला सुखरूप पोचला होता. पण चिंतामणी वकिलांच्या पडवीत त्यांचं संग्रहालय आज संध्याकाळी उघडायचं होतं, आणि वकिलांना राहवलं नाही. त्यांनी पुतळ्याच्या खांद्यावर मित्रासारखा हात टाकून पाहिला. मुंडकं निसटलं, एकेक पायरी उतरलं आणि नारळीच्या बुंध्याशी जाऊन थांबलं.

उद्घाटनाला मुंबईचे कलापरीक्षक यायचे होते. गेल्या वर्षी गंगाधरनं त्यांच्या प्रदर्शनाला कुडपणच्या माळाचा फोटो पाठवला होता. मागे डोंगर, पुढे नांगर धरलेला हैबती. कुडपणला फोटो म्हणजे जन्मात एकदा. कॅमेरा दिसला की तिथली माणसं ताठ होतात, आणि हैबती तर मुळातच ताठ. परीक्षक म्हणाले, “डोंगर छान. माणूस मात्र शाडूचा दिसतो.” फोटो परत आला. तेव्हापासून गंगाधरला अन्न गोड लागेना. शेवटी त्यानं ठरवलं, शाडूचा दिसतो ना, मग शाडूचाच घ्या. त्यानं तेच डोंगर मोठे करून, रंगवून पेटीच्या मागच्या भिंतीला लावले. खाली माती पसरली, नांगर ठेवला. आता या देखाव्याचाच फोटो मुंबईला पाठवायचा होता. आणि शाडूनं आजच मान टाकली.

गंगाधर डोकं धरून एसटी स्टँडवर आला, तर तिथे हैबती उभा. सकाळपासून उभा. वरंधची गाडी लागायची, सुटायची, हा उभाच.

त्याची बायको बयाबाई शिमग्याला माहेरी वरंधला गेली ती आलीच नव्हती. भांडण झालं नव्हतं. भांडायला दोघांनी बोलावं लागतं. तिचं मागणं एवढंच, की एकदा आपल्या तोंडानं ‘घरी चल’ म्हणा. हैबती दोनदा जाऊन आला. सासऱ्याच्या अंगणात उभा राहिला. चहा आला, प्याला. सासऱ्यानं विचारलं, “काय काम काढलंत, जावई?” हा म्हणाला, “काय नाय,” आणि घरी आला. आता सासऱ्यानं निरोप धाडला होता, की मिरगाच्या आत न्यायला आला नाही तर लेक भावाबरोबर मुंबईला जाईल. मिरग चार दिवसांवर आला होता.

“नुसतं उभं ऱ्हायचं?” गंगाधरचा बेत ऐकून हैबतीनं विचारलं. “बोलायचं नाय?”

“अवाक्षर नाही.”

हैबती खुशीनं पेटीत शिरला.

संध्याकाळी पडवीत मुंगीला जागा नव्हती. वकिलांची गंजकी तलवार आणि बरणीतला साप लोकांनी भराभर उरकला आणि सगळे पेटीपुढे दाटले. परीक्षकांनी चष्मा पुसून आत पाहिलं.

“माती खरी वाटते. डोंगरही. पण हा शेतकरी! ह्याच्यात जीवच नाही. कारागीर कुठला?”

“पेणचा,” वकील म्हणाले आणि नारळीकडे बघू लागले.

तेवढ्यात गर्दीतून दोन बायका पुढे आल्या. धाकटी काचेला नाक लावून ओरडली, “अगो बाय, ह्ये तर दाजी!”

गंगाधरनं वळून पाहिलं. हैबतीची बायको आणि मेहुणी ठकूबाई. सगळं वरंध बघायला येणार, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“त्यांच्यावरून केलाय पुतळा,” तो घाईघाईनं म्हणाला.

बयाबाईनं हैबतीला पायांपासून पागोट्यापर्यंत पाहिलं. पेटी वरून उघडी होती. एक माशी आत गेली, हैबतीच्या नाकावर बसली, तिथं फेऱ्या घातल्या आणि कंटाळून उडाली.

“चांगला केलाय,” बयाबाई म्हणाली. “घरात पन ह्ये असंच असतात. कुडपणला भेटलं तर सांगा त्यांना, बया मिरगाला मुंबईस चालली. मंग येत नाय.”

उजेड उतरत होता. गंगाधरला आता फक्त फोटो हवा होता. “सगळे आहात तिथेच थांबा! मी टोपी काढली की परत लावेपर्यंत कोणी हलायचं नाही!” त्यानं भिंगावरची टोपी काढली. वकील, परीक्षक, सगळं वरंध जागच्या जागी थिजलं.

त्या शांततेत पेटीतून आवाज आला, “चल गो घरी.”

पुतळा बोलला! पण टोपी निघालेली होती. कोणी हललं नाही. गंगाधरनं टोपी लावली आणि मग पडवी किंचाळली. वरंधकर दारातून गेले, वकील माजघरात गेले, परीक्षक खिडकीतून गेले.

फोटो मुंबईच्या प्रदर्शनात लागला. त्यात सगळे काठीसारखे ताठ आलेत. हललेला एकटा काचेतला हैबती, हात पुढे केलेला. “मधला एक माणूस काय जिवंत आहे!” परीक्षक म्हणाले. मग एका म्हाताऱ्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हा चष्मेवाला पुतळा कोणी केला?” तो चष्मा त्यांच्याच नाकावर होता.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी रिकाम्या पडवीत बयाबाई तेवढी पेटीपुढे उभी होती. ठकूबाई खांबाआडून हळूच बाहेर आली.

“बाय, तू भ्याली नाय?”

“भ्यायचं काय? माशी बसली तवाच वळखलं,” बयाबाई पदर खोचत म्हणाली. “पुतळा असता तर जरा तरी हलला असता.”