एकोणीस सेकंद

वर्गात एकेचाळीस मुलं होती, एक प्रोजेक्टर, अंधारासाठी खिडक्यांवर टांगलेल्या दोन सतरंज्या आणि टेबलावर सतरा मोबाईल. मोबाईल मुलांच्या घरचे. प्रफुल सरांनी ते आजच्या तासापुरते मागवले होते. सतरापैकी चौदा मोबाईलमध्ये तो व्हिडिओ होता.

व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा. सव्वीस जानेवारीला नववीतली दिव्यानी भाषणाला उभी राहिली, चौथ्या वाक्याला तिचं तोंड उघडं राहिलं आणि आवाज निघाला नाही. वर्गातल्या पवनने त्या जागी बकरीचा आवाज जोडला होता.

दिव्यानी शेवटच्या बाकावर होती. बाहेर व्हरांड्यात तिचे वडील दसरू शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला येऊन बसले होते. परीक्षा पाच आठवड्यांवर होती.

"दुसऱ्या शाळेत टाकतो म्हणलो," सकाळी ते सरांना म्हणाले होते, "तं म्हणते तिथी बी असंन. मोहफुलं वेचाले जंगलात गेली, तं तिथी बी पोट्टे मे-मे करतेत."

"दसरूभाऊ, मला एक तास द्या. मग तिचं तिला ठरवू द्या."

सरांनी सहा स्लाइड दाखवल्या. ब्लॉक कसं करायचं, तक्रार कुठे करायची, कोणता नंबर फिरवायचा. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

"सर, रेंज नसंन तं नंबर कसा लागंन?" पुढच्या बाकावरच्या मयुरीने विचारलं.

"टाकीवर चढाचं," मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. सरही.

मग त्यांनी पवनला उभं केलं. "का केलं, ते मी विचारत नाही. आता काय करशील ते तिच्याकडे पाहून सांग."

पवन बाकाची कड नखाने उकरत राहिला. "मले वाटलं दोन दिवस हसतीन, मंग विसरून जातीन." मग तो म्हणाला, "पहिलं मीच डिलीट करतो, सर."

त्याने केलं. त्याच्यामागून एकेक जण टेबलापाशी आला. सरांनी फळ्यावर चौदा रेघा मारल्या होत्या. एक व्हिडिओ गेला की ते एक रेघ पुसत. आठव्या रेघेला दिव्यानीने मान वर केली. शेवटची रेघ पुसली तेव्हा ती सरळ फळ्याकडे पाहत होती.

सरांनी दसरूंना आत बोलावलं. "पाहा भाऊ. या मोबाईलांत आता एकही उरला नाही."

दसरूंनी फळ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. मग खिशातून आपला बटनांचा मोबाईल काढला. "मंग माह्यातला बी पुसून द्या, सर. मले जमत नाई."

"तुमच्याकडे कसा आला? याला तर नेट नाही."

"लच्छूकडून गाणे भरले, बाजारात. मी गाणेच मागतलो. हे संगं आलं."

लच्छूला सगळे ओळखत होते. आठवडी बाजारात टेबल टाकून तो मेमरी कार्डात गाणी आणि हसण्याचे व्हिडिओ भरून द्यायचा. रेंज नसलेल्या गावांमधले लोक त्याच्याकडूनच कार्ड भरून नेत.

"एका बाजारात किती कार्डं भरतो तो?" सरांनी वर्गाला विचारलं.

"शंभर तरी," पवन म्हणाला. मग आवाज उतरला. "सहा बाजार झाले, सर."

सरांनी खडू उचलला आणि परत ठेवला. "आधी हा पुसू," ते म्हणाले.

दसरूंच्या कार्डात दोनशे बारा व्हिडिओ होते. त्यांना नावं नव्हती, नुसते आकडे होते. कोणता कुठला ते उघडूनच पाहावं लागत होतं. सातवा तोच निघाला. हरभऱ्यातली रानडुकरं पळवायला दसरू तो मोबाईल शेतात वाजत ठेवायचे, म्हणून आवाज शेवटपर्यंत वाढवलेला होता. सर बंद करायचं बटन शोधू लागले. ते सापडेना.

दहा सेकंद वर्ग गप्प होता. अकराव्या सेकंदाला बकरी ओरडली आणि कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. पवनने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. त्याचे खांदे हलत होते. व्हिडिओ संपला तेव्हा मयुरीही मान खाली घालून हसत होती.

दिव्यानीने वही दप्तरात टाकली आणि दोन बाकांमधून पुढे आली.

"चाल, बा."

दसरूंचा हात मोबाईलसाठी पुढेच होता. "पुसलं का, सर?"

"पुसलं."

"मंग दाखला द्या."

दाखला लिहायला नऊ मिनिटं लागली. सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात सरांनी 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं, मुख्याध्यापकांनी सही केली. दिव्यानीने कागदाची घडी घातली आणि वडिलांच्या मागे फाटकाबाहेर पडली.

सर वर्गात परतले. तासानंतर मुलांकडून भरून घ्यायची प्रश्नपत्रिका तालुक्याहून आली होती, ती त्यांनी वाटली. पहिला प्रश्न होता : एखाद्याची टिंगल करणारा व्हिडिओ पाहून हसणे योग्य आहे का?

चाळीस मुलांनी प्रश्नपत्रिका सोडवली. चाळीसही जणांनी 'नाही' लिहिलं.