पाठवणीच्या वेळी

“गोळी सोडलीत तर नोकरी जाईल, कुडाळकर,” कचेरीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि बारा वर्षांच्या आठवणी पुसट होतील. वहिनींच्यासुद्धा.”

“कल्पना आहे, बाई,” शांताराम म्हणाले.

नोंदणी कचेरीत सगळेच ब्राह्मीची गोळी घ्यायचे. ती घेणारा माणूस ऐकलेलं, पाहिलेलं काहीही विसरत नसे. शांतारामांच्या बायकोने, इंदूने, मात्र ती कधी घेतली नाही. ती चार बायकांत कौतुकाने सांगायची, “आमच्या मृदुलाच्या पाठवणीच्या वेळी हे ढसाढसा रडले, बरं का!”

शांताराम तिथल्या तिथे दुरुस्त करायचे, “रडला तुझा भाऊ. मी टेम्पोवाल्याशी बोलत होतो.”

“घरातच वकील बाळगलाय की, इंदूताई!” बायका हसायच्या. इंदूही हसायची. पुढे पुढे तिने काही सांगणंच सोडलं. तिने अर्ध्यावर थांबवलेली शेवटची गोष्ट कोणती, तो वार कोणता, हेही शांतारामांना लख्ख आठवत होतं. त्यानंतर ती सात महिने जगली.

“अहो, गोळी सोडून का दुःख कमी होतं?” बाईंनी विचारलं.

“कमी नकोच आहे,” शांताराम म्हणाले. “पण घडलं तसंच आठवत राहिलं, तर मी जन्मभर तिला खोटंच पाडत राहीन. थोडं विसरलो, तर एखाद्या दिवशी मलाही वाटेल, की मी रडलो होतो.”

बाईंनी गोळी सोडण्याचा कागद सहीसाठी पुढे सरकवला.