नाव टाकलं की फोटो हजर

परतवाड्यात श्रेयसच्या स्टुडिओत कोणी घाईनं एकाच माणसाचा जुना फोटो मागितला, की त्या फोटोला हार चढणार हे ठरलेलं. रडत्या माणसांना ताटकळावं लागू नये म्हणून त्यानं सगळ्या बॅकअपचा नावांनुसार इंडेक्स करून ठेवला होता.

आज अकोल्याहून आईचा फोन आला. "श्रेयस, एक फोटो शोध अन् मोठा करून ठेव."

बाबा तिथं दवाखान्यात भरती होते. त्यानं 'कमलाकांत' टाइप केलं. पापणी लवायच्या आत बाबा स्क्रीनवर हसत उभे.

"आई, बाबा गेले?"

"नाई रे! उद्या सुट्टी देऊन राहिले त्याईले."

श्रेयसचा जीव भांड्यात पडला.



"फोटो माहा पाह्यजे. काल माहाबी रिपोर्ट आला."