चौथी बाटली

पहिला घोट तोंडात घोळवून सत्यवतीबाईंनी तो शेजारच्या चकचकीत बादलीत थुंकला, आणि विकासचा जीव भांड्यात पडला.

आई येते म्हणाली तेव्हापासून तो धास्तावला होता. हैदराबादेत बंजारा हिल्सवरच्या नव्या हॉटेलात खरेदी अधिकारी म्हणून लागून त्याला चारच महिने झाले होते. राज्यातली दारूबंदी उठली होती. हॉटेलात आता देशोदेशीच्या वाइन ठेवायच्या होत्या. त्या चाखून निवडायला मालक रेड्डीसाहेबांनी सगळ्या अधिकाऱ्यांना घरच्यांसह बोलावलं होतं. विकासची बायको स्वाती बाळंतपणाला माहेरी गेलेली. मग काचीगुड्याहून आईच इरकली नेसून निघाली. "गिळायची नाही ना? मग चूळ भरल्यासारखंच की," म्हणाली.

वाइन कंपनीचा प्रमोद मुंबईहून आला होता. बाटली उघडायची, गाव सांगायचं, सगळ्यांना दोन-दोन घोट ओतायचे, असं चाललं होतं. पहिली नाशिकची. दुसरी ऑस्ट्रेलियाची.

"ह्यात मिरे घातलेत का हो?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

"घातलेले नाहीत काकू, पण वास तसाच येतो. बरोबर ओळखलंत."

विकासने टेबलाखालून आईचा पदर ओढला.

तिसरी इटलीची. ती त्यांना जास्त उकळलेल्या चिंचेच्या साराइतकी आंबट लागली, आणि तसं त्यांनी सांगूनही टाकलं.

चौथी फ्रान्सची, सगळ्यांत महाग. रेड्डीसाहेबांनी ती नाकाशी नेली, घोट घेतला, डोळे मिटले. "वाह! क्या खुशबू है!"

टेबलाभोवतीच्या चौदाही माना हलल्या. मॅनेजर शशिकांत म्हणाला, "अत्तर है सर, अत्तर." विकास म्हणाला, "मखमल, सर."

"अम्मा, आप क्या बोलते?" रेड्डीसाहेबांनी कौतुकाने विचारलं.

सत्यवतीबाईंनी वास घेतला. पुन्हा घेतला. तोंडाला न लावताच पेला खाली ठेवला.

"छान म्हण, आई," विकास पुटपुटला.

"छान कसं म्हणू रे?" त्या साहेबांकडे वळल्या. "साब, बुरा नक्को मानो. बारिश में बोरा भीगता ना, वैसी बास आरी. बेगम बाजार में ऐसे बोरे की दाल मैं कब्बी नै ली."

रेड्डीसाहेबांचा चेहरा उतरला.

"काकू, फ्रान्सची वाइन आहे ती," शशिकांत घाईघाईने हसत म्हणाला.

"असेल की. फ्रान्समध्ये पाऊस पडत नाही का?"

प्रमोदने स्वतःचा पेला उचलून हुंगला. मग बाटलीचं बूच उचलून हुंगलं. त्याचे कान लाल झाले.

"काकूंचं बरोबर आहे," तो म्हणाला. मग तेच साहेबांना हिंदीत सांगितलं. "सर, बूच खराब निघालं. बाटली नासलीय. मीच आधी पाहायला हवं होतं. माफ करा."

आता रेड्डीसाहेबांकडे बघायची कुणाची छाती होईना. शशिकांत टेबलक्लॉथवरची नक्षी पाहू लागला. विकासने मनातल्या मनात जुन्या ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला, परत घेता का विचारलं, आणि त्यांनी नाही म्हटलेलंही ऐकलं.

प्रमोदने त्याच वाइनची दुसरी बाटली फोडली आणि नव्या पेल्यांत ओतली. मघाशी माना हलवणाऱ्या चौदांपैकी एकानेही पेल्याला हात लावला नाही.

मग रेड्डीसाहेब उठले. एका हातात पेला आणि दुसऱ्या हाताने खुर्ची ओढत ते टेबलाला वळसा घालून आले. विकासने डोळे घट्ट मिटले. खुर्ची त्याच्या आईशेजारी थांबली.

"अम्मा," साहेब हळूच म्हणाले, "पहले आप."

सत्यवतीबाईंनी पदर सावरला, पेला नाकाशी नेला आणि अजिबात घाई केली नाही. साहेबांनीही पेला नाकाशी धरला. मग टेबलावरचे सगळेच पेले एकेक करून उचलले गेले आणि नाकांशी येऊन थांबले.

सत्यवतीबाई साहेबांकडे किंचित झुकल्या.

"मैं बोले तक मुंडी नक्को हिलाओ, बेटा."