दोघांत एक

मेलेला माणूस कॉफीच्या यंत्रासमोर उभा राहून यंत्राला शिव्या घालत होता.

हिरासेने आधी शिवी ओळखली, मग पाठ. पाच वर्षांपूर्वी याच इस्पितळात, शेजारच्या खाटेवरून तीच शिवी रोज सकाळी ऐकू यायची. तेव्हा ती सलाइनच्या नळीला उद्देशून असे.

"कुवाबारा?"

माणूस वळला. कॉफीचा डबा हातातून निसटला आणि घरंगळत बाकाखाली गेला. कुवाबाराच होता. वजन वाढलं होतं, मेलेल्या माणसाच्या मानाने जरा जास्तच.

दोघांचं ऑपरेशन एकाच आठवड्यात झालं होतं. लिंगाचा कर्करोग. कुणाला सांगण्यासारखं दुखणं नव्हतं. हिरासेने आपल्या न्हाव्याच्या दुकानात हर्निया सांगितला, कुवाबाराने मासळी बाजारात मूतखडा. खरं काय ते फक्त एकमेकांना ठाऊक. डॉक्टरांनी दोघांनाही तेच सांगितलं होतं: रोग जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलेला असला, की पाच वर्षांनी दोघांतला साधारण एकच जिवंत असतो. डॉक्टर शेकडो रोग्यांबद्दल बोलत होते. पण त्या खोलीत खाटा दोनच होत्या.

पुढच्या वर्षी डिसेंबरात हिरासेच्या घरी राखाडी किनारीचं कार्ड आलं. खाली कुवाबाराच्या बायकोचं नाव. पती वारल्यामुळे आम्ही सुतकात आहोत, यंदा नववर्षाच्या शुभेच्छा देता येणार नाहीत, क्षमा असावी. असं कार्ड आलं की शुभेच्छा धाडायच्या नाहीत आणि सुतकातल्या घराला प्रश्न विचारून छळायचं नाही. हिरासे रीतीला पक्का. तो न्हाणीघरात बसून रडला. मग बाहेर येऊन दोन वाडगे भात जेवला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. त्याची लाज वाटून त्याने दुसऱ्या दिवसापासून सकाळचा पहिला चहा घरच्या देव्हाऱ्यात कुवाबाराच्या नावाने ठेवायला सुरुवात केली. "माझ्या वाटचं तू मेलास," तो हात जोडून म्हणायचा. साडेतीन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

"तू मेला होतास," हिरासे म्हणाला.

"हळू बोल. लोक बघतायत."

"सुतकाचं कार्ड आलं होतं मला!"

"मीच टाकलं होतं." कुवाबारा बाकावर टेकला. "छापखानेवाला दहाच्या खाली छापत नाही रे. उरलेली नऊ बायकोला सापडली. आठवडाभर बोलली नाही माझ्याशी."

हिरासेचे कान तापले. याच्या थोबाडीत द्यावी की याला मिठी मारावी, ठरेना. तेवढ्यात त्याला एक गोष्ट सुचली आणि राग झर्रकन उतरला. तो हळूच शेजारी बसला.

"माझ्यासाठी केलंस ना? मला वाटावं, उरलेला एक तो मीच. म्हणून ना?"

कुवाबारा त्याच्याकडे बघत राहिला. खरंच विचारात पडला होता.

"तुझ्यासाठी? नाही रे. सुचलंच नाही मला ते."

"मग?"

"पहिल्याच नववर्षाला तुझं कार्ड आलं. 'मी ठणठणीत आहे, रोज बंदरापर्यंत चालत जातो.' वर हसणारा सूर्य काढलेला. आठ दिवस घास उतरला नाही माझा. जागा एक, आणि तू ठणठणीत! दर वर्षी असलं कार्ड आलं असतं तर मी त्यानेच गेलो असतो. म्हणून म्हटलं, मरून टाकावं. मेलेल्याला कोण कार्ड पाठवतं?"

"आणि मी?"

"तू गेलास असं धरून चाललो. चांगली झोप लागायची." त्याने मान खाली घातली. "माफ कर. पण तुझ्या जिवावर फार सुखात गेली ही वर्षं."

हिरासेच्या डोळ्यांपुढे ते सगळे चहाचे पेले उभे राहिले. वाफाळते. एक हजाराच्या वर. साडेतीन वर्षं तो या माणसाच्या मरणाचे आभार मानत होता, आणि हा तिकडे त्याला गाडून तळलेले मासे खात होता. पाच वर्षांत हिरासेने आपलं खरं दुखणं एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि त्या माणसाने त्याला मेला धरला होता.

हिरासेच्या खिशात घडी घातलेला कागद होता. डॉक्टरांनी वीस मिनिटांपूर्वी दिलेला. कुठेही काही नाही, आता यायची गरज नाही.

कुवाबाराला तो कागद दिसला नव्हता. पण तो हिरासेच्या गालांकडे बघत होता. मग मानेकडे. भाव करण्याआधी मासा बघावा तसा. बघता बघता त्याचा स्वतःचा चेहरा उतरत गेला.

"माझा निकाल आत्ता आहे," तो म्हणाला. "पंचविसावा नंबर." गुडघ्यांवर ठेवलेले त्याचे हात थरथरायला लागले. एकाने दुसरा धरला, तर दोन्ही थरथरले. "तुझं... तुझं काय निघालं?"

एक शब्द पुरे होता. साफ. हिरासेने तो म्हणण्यासाठी तोंड उघडलं. साडेतीन वर्षांच्या सकाळी त्या शब्दामागे दाटून उभ्या होत्या. कागद काढून नाकासमोर धरला असता तरी चाललं असतं.

"परत आलंय," हिरासे म्हणाला. "या खेपेला पोटात."

कुवाबाराचे हात थांबले. ओठांवर रंग चढला. त्याने खोल श्वास घेतला, मग ते बरं दिसणार नाही म्हणून अर्धाच सोडला. आतून पंचविसावा नंबर पुकारला गेला. तो उठला, हिरासेचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरीचं पाणी आलं.

"घाबरू नकोस," कुवाबारा म्हणाला. "मी आहे ना."