निळ्या हानबोकमधली बाई

सोलच्या त्या हॉलमध्ये पांढऱ्या गाऊनमधलं लग्न लागलं आणि फोटोग्राफर मीरानने घरच्यांना फोटोसाठी ओळीत उभं केलं. वधूची आई गुलाबी हानबोकमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक पोशाखात, आणि वराची निळ्या, हा तिथला रिवाजच. नवरदेव मॅड्स चेहऱ्याने इथलाच, पण तान्हा असताना दत्तक गेला आणि वाढला डेन्मार्कला; त्यामुळे निळं हानबोक नेसून उभी होती ती सोनेरी केसांची, उंचनिंच बिर्गिट.

पण खांबाआड निळ्याच हानबोकमधली आणखी एक बाई सकाळपासून घुटमळत होती. मीरानच्या मनात पाल चुकचुकली. लग्नात घुसून फुकट जेवून जाणारे तिने पुष्कळ पाहिले होते. मागच्याच महिन्यात असा एक जण घरच्यांच्या फोटोत शिरला आणि बोलणी मात्र तिने खाल्ली.

"मावशी, जेवण खालच्या मजल्यावर आहे."

"जेवायला नाही आले गं. नुसती बघतेय."

"वरमायेचा रंग नेसून? कुणाकडच्या तुम्ही?"

बाईची नजर मॅड्सकडे गेली.

"मग फोटो होईपर्यंत बाहेर थांबा बघू."

बाई दाराकडे वळली. तेवढ्यात बिर्गिट ओळ मोडून धावत आली. तिने बाईचा हात धरला, तिला मॅड्सशेजारी आपल्या जागेवर नेऊन उभं केलं आणि स्वतः कॅमेऱ्यामागे, मीरानजवळ येऊन थांबली. मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये म्हणाली,

"माझ्याकडे त्याचे तीस वर्षांचे फोटो आहेत. हिच्याकडे एकही नाही."