नवा पत्रा

गाभण म्हैस आपल्याच गोठ्यात उभी होती, तरी गळ्यातला पट्टा तिला सारखे झटके देत होता. गावातले बांध मोडल्यापासून हद्द उपग्रहच राखत होते, आणि पट्ट्याच्या मते ती शेजारच्या उसात शिरली होती.

“ही शेजारच्या सुंद्राबाईचीच करणी!” येरझाऱ्या घालत गजराबाई कडाडल्या. “कळा सुरू झाल्यात, अन् मेल्या पट्ट्याचं कुलूप निघंना.”

“आत्याबाई, करणी कसली? आपल्या नव्या पत्र्यावर आपटून सिग्नल वाकडा येतोय,” सून म्हणाली. “गोठ्याचा पत्रा काढा.”

तो चकचकीत पत्रा त्यांनी सुंद्राबाईच्या नाकावर टिच्चून ठोकला होता. म्हैस रेकली. गजराबाईंनी पहार उचलली.

“ए सुंद्रे, दारातून बघत काय राहिलीस? पत्र्याचं दुसरं टोक धर!”